शाळेत कंडोम आहेत, पण मुलं घेत नाहीत : कार्यक्रम क्रमाने कसा लावायचा

शाळेने कंडोम मागवले, आरोग्य खोलीत ठेवले, फलकावर सूचना लावली. वर्ष संपताना खोका उघडला तर वरचाच थर हललेला. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘आपल्या मुलांना गरजच नाही.’ विषय तिथेच मिटतो.

हा निष्कर्ष घाईचा आहे. मुलाला ‘शाळेत कुठेतरी मिळतात म्हणे’ एवढंच माहीत असतं. कोणत्या दाराने आत जायचं, ते दार कधी उघडं असतं, आत कोण बसलेलं असतं, नाव लिहून घेतात का, घरी कळवतात का, यातलं काहीच माहीत नसतं. या पाच प्रश्नांपैकी एकाचं उत्तर जरी अंधारात राहिलं, तरी पंधरा-सोळा वर्षांचं मूल परत फिरतं. खोका भरलेला राहण्याचं कारण बहुतेक वेळा मुलांच्या मनात नसतं, आपल्या मांडणीत असतं.

हा लेख शाळेची परिचारिका, समुपदेशक, मुख्याध्यापक आणि किशोरवयीन आरोग्याचं काम करणाऱ्यांसाठी आहे. जिथे शाळेतून कंडोम देण्याची परवानगी आहे, तिथल्या हायस्कूलच्या वयाच्या मुलामुलींसाठीचा कार्यक्रम इथे गृहीत धरला आहे. जिथे परवानगी नाही, तिथे मालाचा टप्पा सोडून द्या. बाकीचं बरंचसं, विशेषतः माहिती देणं आणि जवळच्या आरोग्य केंद्राकडे पाठवणं, थोड्या फरकाने लागू पडतं.

क्रम असा : कागद, मोजणी, जागा, माल, माणसं, प्रात्यक्षिक आणि मग जाहिरात. बहुतेक शाळा जाहिरातीपासून सुरुवात करतात. पोस्टर वाचून मूल येतं, दाराला कुलूप असतं, आणि ते पुन्हा येत नाही. वर वर्गात जाऊन सांगतं की तिथे काही मिळत नाही.

टप्पा १ : आधी कागद

कायदा देशागणिक, कधी राज्यागणिक वेगळा असतो. दक्षिण आफ्रिकेच्या २००५ च्या बालक कायद्यानुसार १२ वर्षांवरील मुलाने कंडोम मागितला तर तो नाकारता येत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०२० मध्ये कायदा करून सरकारी माध्यमिक शाळांत मोफत कंडोम ठेवणं बंधनकारक केलं. काही ठिकाणी हा निर्णय शाळेच्या नियामक मंडळाच्या हातात असतो, तर काही ठिकाणी कुणाच्याच नाही. त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका. या चार प्रश्नांची उत्तरं शिक्षण खात्याकडून किंवा वकिलाकडून लेखी घ्या :

१. कोणत्या वयापासून किंवा कोणत्या इयत्तेपासून देता येतात?
२. पालकांची संमती लागते का? लागत असेल तर कंडोम घेण्यासाठी, की फक्त प्रात्यक्षिकाच्या तासाला बसण्यासाठी?
३. कोणती नोंद ठेवणं बंधनकारक आहे आणि कोणती ठेवायला मनाई आहे?
४. काय कळलं तर कर्मचाऱ्याला बालसंरक्षण यंत्रणेला कळवावंच लागतं?

संमतीचं वय, गोपनीय आरोग्यसेवेचं वय आणि कंडोम मिळण्याचं वय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अनेक ठिकाणी त्यांचे आकडेही वेगळे असतात. ‘अठरा खाली काहीच नाही’ किंवा ‘सगळं चालतं’ असं एका वाक्यात कुणी सांगितलं, तर समजा की त्यांनी कायदा वाचलेला नाही.

उत्तरं हातात आली की एक पानाचं धोरण लिहा. एकच पान. दहा पानी धोरण कपाटात जातं. एक पान आरोग्य खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवता येतं.

मग पालक. त्यांना कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सांगा. नंतर कळलं तर चर्चा कंडोमवर होत नाही, ‘आमच्यापासून लपवलं’ यावर होते, आणि त्या चर्चेत शाळा हरते. सभेत एक प्रश्न नक्की येणार : समोर ठेवले की मुलं त्या वाटेला लागतील का? याचं उत्तर तयार ठेवा आणि ते छोटं ठेवा. न्यूयॉर्कच्या शाळांत कंडोम मिळत होते, शिकागोच्या शाळांत तेव्हा मिळत नव्हते. या दोन्हीकडच्या मुलांची तुलना करणारा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. कंडोम उपलब्ध असल्याने लैंगिक संबंध ठेवणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. जे आधीच संबंध ठेवत होते, त्यांच्यात कंडोमचा वापर जास्त दिसला. एवढं सांगून थांबा. पुढे भाषण सुरू केलंत की पालकांना वाटतं, काहीतरी विकताहेत.

इशारा : नकार देणाऱ्या पालकांच्या मुलांची यादी कंडोमच्या ट्रेजवळ ठेवायचा मोह होतो. ती यादी वापरायची तर येणाऱ्या प्रत्येक मुलाला नाव विचारावं लागतं, आणि नाव विचारलं की गोपनीयता संपली. कायदा मोकळीक देत असेल तर पालकांचा नकाराधिकार वर्गातल्या प्रात्यक्षिकापुरता ठेवा.

टप्पा २ : आज मुलांना काय माहीत आहे, ते मोजा

हे न करता पुढे गेलात तर वर्षाच्या शेवटी ‘बराच फरक पडला’ असं म्हणता येईल, दाखवता येणार नाही. निनावी प्रश्नावली घ्या. हस्ताक्षर ओळखू येतं, म्हणून फक्त खुणा करायच्या. सहा प्रश्न पुरतात :

१. आपल्या शाळेत कंडोम मिळतात का? (हो / नाही / माहीत नाही)
२. कोणत्या खोलीत? (चार पर्याय)
३. कोणत्या वेळेत? (चार पर्याय)
४. घेताना नाव लिहून घेतात का?
५. कुणाला हवा असेल तर काय आडवं येईल? (लाज, वेळ, कुणी पाहील, घरी कळेल, कुठे ते माहीत नाही, इतर)
६. यांपैकी कशाने कंडोम खराब होतो? (उष्णता, खोबरेल तेल, पैशांच्या पाकिटात महिनोन्महिने ठेवणं, पाण्याधारित वंगण)

पाचवा प्रश्न ‘तुला’ असा नाही, ‘कुणाला’ असा विचारला आहे. ते मुद्दाम. स्वतःबद्दल विचारलं की मुलं एकतर खोटं सांगतात किंवा कागद कोरा देतात. त्यांच्या स्वतःच्या लैंगिक वर्तनाबद्दल या प्रश्नावलीत काहीही विचारू नका. त्यासाठी वेगळी परवानगी आणि वेगळी काळजी लागते, आणि इथे त्याची गरजही नाही.

निकाल वाचताना एक खोड टाळा. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांना ‘माहिती असलेले’ धरतात. ती नुसती अफवा ऐकलेली मुलं असू शकतात. पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर असतील तरच माहिती आहे असं धरा. हा आकडा पहिल्या प्रश्नाच्या ‘हो’पेक्षा बराच खाली आला तर दचकू नका. तोच खरा आकडा.

तपासा : निकाल वर्गवार किंवा मुलगे-मुली असे वेगळे काढताना दहापेक्षा लहान गट दाखवू नका. आठ मुलींच्या वर्गात निनावी काही राहत नाही.

टप्पा ३ : जागा

सगळा कार्यक्रम इथे तरतो किंवा बुडतो. नकाशावर बोट ठेवून जागा ठरवू नका. मधल्या सुट्टीत, गर्दी असताना, स्वतः वर्गापासून त्या खोलीपर्यंत चालत जा आणि मुलाच्या नजरेने तीन गोष्टी पाहा : वाटेत किती जण पाहतात, आत शिरून बाहेर पडायला किती वेळ लागतो, आणि ‘कशाला गेला होतास?’ असं कुणी विचारलं तर सांगायला काय आहे.

तिसरा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मुलाला बहाणा लागतो. त्या खोलीत जायचं एकच कारण असेल, तर दारातून आत जाणं म्हणजेच जाहीर घोषणा. बँडेज, सॅनिटरी पॅड, डोकेदुखीची तक्रार, खेळाच्या तपासणीचे अर्ज अशी दहा साधी कारणं ज्या खोलीला आहेत, तीच योग्य. ‘युवा लैंगिक आरोग्य कक्ष’ अशी पाटी लावलेली स्वतंत्र खोली कागदावर छान दिसते. तिथे कुणी जात नाही.

खोलीच्या आत काय? उघडा ट्रे, हाताला येईल असा, टेबलापासून थोडा दूर. अमेरिकेतल्या शाळांच्या पाहणीत हे दिसलं आहे की टोपलीत मोकळे ठेवले तिथून मुलांनी दरडोई जास्त कंडोम नेले, आणि आरोग्य केंद्र असलेल्या शाळांतूनही जास्त नेले. यात नवल नाही. मागावं लागणं हाच सर्वांत मोठा अडसर. ‘मॅडम, मला...’ हे वाक्य पुरं करणं अनेकांना जमत नाही. बोलावंच लागणार नाही अशी रचना करा.

ट्रेशेजारी आतलं न दिसणाऱ्या कागदाची छोटी पाकिटं ठेवा. तीच पाकिटं पॅडसाठी आणि बँडेजसाठीही वापरा. फक्त कंडोमसाठी वेगळ्या रंगाचं पाकीट काढलंत तर दोन दिवसांत सगळ्या शाळेला तो रंग पाठ होतो.

स्वच्छतागृहात ठेवावेत का? एकांत चांगला मिळतो. पण दमट हवा, पाणी आणि टवाळखोरी यांनी माल खराब होतो. ठेवायचेच असतील तर थोडे ठेवा, रोज भरा, आणि मुख्य ट्रे दुसरीकडे असू द्या. नाणं टाकून घ्यायच्या यंत्राबद्दल मी फार उत्साही नाही. पैसे लागतात, आवाज होतो आणि यंत्र अडकलं की मूल कुणाकडे तक्रार करणार?

आणि कॅमेरे. मार्गिकेतला कॅमेरा त्या दारावर रोखलेला असेल, तर तुमचं ‘नाव लिहून घेत नाही’ हे वाक्य मुलं मनातल्या मनात खोडतात. कॅमेऱ्याचा कोन बदला किंवा ट्रे दुसऱ्या खोलीत हलवा.

वेळ : खोली उघडी असते तेव्हा मुलं मोकळी असतात का? विचारायला बाळबोध वाटतं, पण तासांच्या वेळेत उघडी आणि मधल्या सुट्टीत जेवायला बंद अशा आरोग्य खोल्या असतात. मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास, एवढं तरी हवंच. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी तर नक्की.

‘एका वेळी एकच’ हा नियम घालू नका. तीन हवे असणाऱ्या मुलाला तीनदा यायला लावणं म्हणजे तीनदा लाजवणं. तीन ते सहा नेऊ द्या. काही मुलं त्यांचे फुगे करतील. करू देत. पहिल्या महिन्यात मार्गिकेत दोन-चार फुगे दिसणार हे धरूनच चाला आणि कुणी ‘बघा, म्हणूनच म्हणत होतो’ म्हणालं तर घाबरून ट्रे कपाटात घालू नका. नवलाई ओसरली की फुगेही थांबतात.

तपासा : मोठ्या वर्गातल्या दोन स्वयंसेवकांना सांगा, दारातून आत, पाकीट घेऊन बाहेर. एक शब्दही न बोलता तीस सेकंदांत जमायला हवं. जमलं नाही तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ४ : माल आणि साठवण

लॅटेक्स (रबराच्या चिकाच्या) कंडोमसाठी आयएसओ ४०७४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. खोक्यावर ते, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख तिन्ही असतील तेवढाच माल घ्या. देणगीत आलेला माल विशेष तपासून घ्या. मुदत संपायला दोन महिने उरलेला साठा दान करण्याची हौस बऱ्याच जणांना असते.

एकच प्रकार मागवू नका. लॅटेक्सची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी नायट्राइल, पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीनचे थोडे हवेत. रुंदीचे किमान दोन माप ठेवा. सैल असेल तर निसटतो, आवळला तर फाटतो किंवा मुलगा पुन्हा वापरत नाही. आतून वापरायचे, म्हणजे स्त्रियांचे कंडोमही ठेवा. शुक्राणूनाशक नॉनऑक्सिनॉल-९ लावलेले घेऊ नका. त्याने नाजूक त्वचेला इजा होते आणि एचआयव्हीपासून जास्तीचं संरक्षण मिळत नाही. पाण्याधारित वंगणाच्या छोट्या पुड्या शेजारी ठेवा, म्हणजे घरातल्या तेलाकडे किंवा व्हॅसलीनकडे हात जाणार नाही. तेलाने लॅटेक्स पाहता पाहता कमकुवत होतं.

साठा थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात. जमिनीपासून आणि भिंतीपासून थोडा सुटा. खिडकीशी नको, हीटरशी नको, ४० अंश सेल्सियसपर्यंत तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढायचे. नवा खोका आला की तो मागे सरकवा.

किती मागवायचे? पहिल्या वेळी कमी. कंडोम ग्रोसने, म्हणजे १४४ नगांनी मोजले जातात. प्रत्येक ठिकाणासाठी एक-दोन ग्रोस पुरतात. तीन महिन्यांचा खप दिसला की सरासरी काढा आणि पुढे तीन महिन्यांचा साठा हाताशी राहील असं चक्र लावा.

टप्पा ५ : माणसं

ट्रे असला तरी खोलीत माणूस असतो आणि त्याच्या एका भुवईने सगळं बिघडू शकतं. ही जबाबदारी ज्याला स्वतःहून घ्यायची आहे त्यालाच द्या. गुण देणारे, हजेरी घेणारे, शिस्त लावणारे शिक्षक शक्यतो नकोत. गणिताच्या सरांसमोर हात ट्रेकडे जाणार नाही, सर कितीही मनमोकळे असोत.

काय बोलायचं याचा खरोखर सराव करून घ्या, दोघांनी समोरासमोर बसून.

नको : ‘तुला कशाला हवेत?’, ‘घरी माहीत आहे का?’, ‘एवढे?’, ‘अरे वा!’ (शेवटचं कौतुकाचं असलं तरी नको.)

हवं : ‘ट्रे तिथे आहे, लागतील तेवढे घे. काही विचारायचं असलं तर मी आहे.’ आणि नजर पुन्हा आपल्या कामाकडे.

मूल बोलायला बसलंच, तर बोलणं सुरू व्हायच्या आधी मर्यादा सांगा : ‘तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण कुणी तुला त्रास देत असेल, जबरदस्ती करत असेल, किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला ते पुढे सांगावं लागेल. तसं करायच्या आधी मी तुला सांगेन.’ नंतर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो.

इशारा : काही खुणा दिसल्या तर कंडोम देणं-न देणं हा मुद्दाच दुय्यम होतो. मूल धोरणातल्या वयाहून लहान दिसणं, जोडीदार वयाने बराच मोठा असणं, पैसे किंवा भेटवस्तूंचा उल्लेख, ‘त्याने आणायला सांगितलेत’ असं घाबरत सांगणं, अंगावरच्या जखमा. स्वतः चौकशी करत बसू नका, खोदून प्रश्न विचारू नका. टप्पा १ मध्ये लिहून घेतलेली बालसंरक्षणाची प्रक्रिया त्याच दिवशी सुरू करा. आणि उघड्या ट्रेमुळे असं मूल न बोलताच निघून जाण्याची शक्यता असते, हे मान्य करून प्रत्येक पाकिटात समुपदेशकाची वेळ आणि मदतवाहिनीचा क्रमांक असलेली चिठ्ठी घाला.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, परिचारिका रजेवर असेल तेव्हा खोली कोण उघडणार? बदली माणसाचं नाव आधीच ठरलेलं हवं. दोन, कार्यालयातले लोक आणि सफाई कर्मचारी. त्यांना कुणी काही सांगत नाही, आणि ‘आज अमुक मुलगी गेली होती आत’ हे वाक्य नेमकं अशा न सांगितलेल्या तोंडातून निघतं. त्यांनाही एक तास द्या.

टप्पा ६ : प्रात्यक्षिक

पुरुषांचा कंडोम वर्षभर दर वेळी आणि अचूक वापरला तर १०० पैकी साधारण २ जोडप्यांत गर्भधारणा होते. प्रत्यक्षात लोक जसा वापरतात तसा धरला तर हा आकडा सुमारे १३ होतो. मधलं अंतर बहुतांशी माणसांच्या चुकांचं आहे : कधी वापरलाच नाही, कधी उशिरा, कधी उलटा. म्हणून हा तास कार्यक्रमाला लावलेली झालर समजू नका.

पडद्यावर चित्रं दाखवून भागवू नका. लाकडी किंवा प्लास्टिकच्या प्रारूपावर प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून पाहायचं, दोन वेळा. पहिल्या वेळी सगळे हसतात, दुसऱ्या वेळी शिकतात. क्रम :

१. मुदतीची तारीख पाहणे. पाकीट दाबून आत हवेची उशी आहे का ते तपासणे. नसेल तर पाकिटाला छिद्र आहे, टाकून द्यायचं.
२. कंडोम एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूने पाकीट फाडणे. दात, कात्री, नखं नाहीत.
३. उलगडायची बाजू ओळखणे. कडा बाहेरच्या बाजूला हवी. चुकून उलटा लावला तर तोच पालटून लावायचा नाही, नवा घ्यायचा.
४. टोक चिमटीत धरून हवा काढणे.
५. टोक तसंच धरून तळापर्यंत उलगडणे.
६. काढताना कडा तळाशी धरून ठेवणे, म्हणजे तो निसटत नाही.
७. गाठ मारून, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. शौचालयात नाही.

मुलांना सर्वांत जास्त अडतं ते तिसऱ्या आणि सहाव्या पायरीवर. तिथे वेळ द्या. सोबत तीन समज खोडून काढा. दोन घातले की दुप्पट सुरक्षा असं नाही. पुरुषांचे दोन, किंवा पुरुषाचा आणि स्त्रीचा एकाच वेळी वापरायचा नसतो. पैशांच्या पाकिटात किंवा मागच्या खिशात जपून ठेवलेला कंडोम उष्णतेने आणि घासण्याने खराब होतो. आणि गर्भनिरोधक गोळी चालू असली तरी संसर्ग थांबत नाही.

अतिशयोक्ती मात्र करू नका. जननेंद्रियांवरची हर्पिस किंवा एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) यांसारखे त्वचेच्या स्पर्शाने पसरणारे संसर्ग कंडोमने कमी होतात, पूर्ण टळत नाहीत. हे लपवलंत आणि मुलांना दुसरीकडून कळलं, तर तुमचं बाकीचं बोलणंही पडतं. फाटला तर काय, हेही याच तासाला सांगा : तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली, एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि दोन्हीसाठी नेमकं कोणत्या दवाखान्यात जायचं.

मुलगे आणि मुली एकत्र की वेगळे? माझं मत : हाताने करून पाहायचा भाग वेगळा, बोलण्याचा भाग एकत्र. नकार कसा द्यायचा, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ याला काय उत्तर द्यायचं, खिशात कंडोम असणं म्हणजे होकार नव्हे, हे एकमेकांसमोरच बोललं गेलं पाहिजे. ‘मला इतक्यात काही नको’ म्हणणारं मूलही त्या वर्गात असतं. त्याला मागासलेलं वाटू देऊ नका.

टप्पा ७ : आता सांगा

पोस्टरवर पाचच गोष्टी : काय, कुठे, कधी, मोफत, नाव विचारत नाही.

वाईट : ‘सुरक्षित राहा, जबाबदार नागरिक बना!’

चांगलं : ‘कंडोम. खोली क्रमांक १२. मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावर ३० मिनिटं. मोफत. नाव विचारत नाही, बोलावंही लागत नाही.’

मुख्य फलकावर लावू नका. तिथे थांबून वाचण्याची हिंमत कुणी करत नाही. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर लावा. तिथे मूल एकटं असतं आणि करायला दुसरं काही नसतं. प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून घोषणा करायची कल्पना कुणी मांडली तर नम्रपणे बाजूला सारा. हशा पिकतो, आणि त्यानंतर आठवडाभर त्या खोलीकडे फिरकणाऱ्या प्रत्येकाला चिडवतात. मोबाइलवर संदेश पाठवतानाही विचार करा. तो घरात कुणासमोर उजळेल, सांगता येत नाही.

सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र पोस्टरहून साधी आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गाला, अख्ख्या वर्गाला, दहा मिनिटं आरोग्य खोलीत घेऊन जा. हे बँडेज, हे पॅड, हा कंडोमचा ट्रे, ही परिचारिका, ही वेळ. सगळे एकदा आत जाऊन आले की आत जाणं ही कुणा एकाची बातमी राहत नाही. खोली कुठे आहे हे पायांना कळतं, आणि पाय विसरत नाहीत.

वर्षातून एकदा सांगून भागत नाही. दर वर्षी नवी मुलं येतात, मध्येच काही दाखल होतात. सत्राच्या सुरुवातीला, मध्यावर आणि मोठ्या सुट्टीआधी, असं तीनदा सांगा.

टप्पा ८ : मोजणी, पुन्हा

ट्रेमध्ये किती ठेवले आणि किती उरले, आठवड्यातून एकदा लिहा. नावं नाहीत, इयत्ता नाही, फक्त आकडा. पण त्या आकड्याच्या प्रेमात पडू नका. सिएटलमधल्या शाळांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मुलांनी टोपल्यांतून भरपूर कंडोम नेले. तरी लैंगिक संबंध वाढले नाहीत, आणि कंडोमचा वापरही वाढलेला दिसला नाही. आधी बाहेरून आणायचे ते आता शाळेतून आणले, असंही होऊ शकतं. नेलेला कंडोम म्हणजे वापरलेला कंडोम नव्हे.

म्हणून सत्र संपताना टप्पा २ ची प्रश्नावली जशीच्या तशी पुन्हा घ्या आणि दोन्ही एकत्र वाचा. खोली-वेळ माहीत असणारे कमी, खपही कमी : टप्पा ७ कडे परत जा. माहीत आहे पण खप नाही : पाचव्या प्रश्नाची उत्तरं उघडा आणि टप्पा ३ किंवा ५ दुरुस्त करा. बहुतेक वेळा जागा, कधी कधी माणूस. खप भरपूर पण सहाव्या प्रश्नात गोंधळ : प्रात्यक्षिक कमी पडलं.

एक नोंद जवळजवळ कुणीच ठेवत नाही : ट्रे किती दिवस रिकामा होता. रिकाम्या ट्रेचा खप शून्य दिसतो आणि अहवालात ‘मागणी घटली’ असं लिहिलं जातं. साठ्याच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखा.

मोठ्या सुट्टीआधीचे शेवटचे तीन दिवस ट्रे दुप्पट भरा, कारण त्यानंतर खोलीला कुलूप लागणार. आणि सुट्टीनंतर शाळा उघडली की ट्रे भरण्याआधी बंद खोलीत राहिलेले खोके बाहेर काढून तारखा पाहा. खोली तापत असेल तर तो माल मुलांसाठी वापरू नका, प्रात्यक्षिकाला ठेवा.